दुपारपूर्वी रुजू

कोपरगाव, रविवार, ९ जुलै १९७२

ती. दादास, सहादेवचा नमस्कार.

सहा वर्षांनी लिहितो आहे, तेव्हा ख्यालीखुशालीची घाई नको. आधी कामाचं. गावच्या मळ्याच्या बांधाचा कागद सोबत जोडला आहे. तलाठ्याचं म्हणणं, दोघा भावांच्या सह्या पाहिजेत. त्याला म्हणालो, आम्हा दोघांची नावं एका कागदावर आली हेच नवल, तू सह्या कसल्या मागतोस? तो म्हणाला, "गुर्जी, माझ्याकडं येनाऱ्या समद्या भावांचं आसंच हाय." खूण केलेल्या जागी सही करून कागद परत पाठवावा. आपल्या सवडीनं.

इकडे सर्व ठीक. पाऊस नाही. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, मिळते. रतन तिच्या भाकऱ्या थापते आणि मी त्या खातो. दोघांपैकी कुणाचं कौतुक जास्त, हे अजून ठरायचं आहे. शाळा चालू आहे. मला चष्मा लागला.

आपला
सहादेव

ता. क. आपली चांगुणा इथल्या नव्या कॉलेजात अर्थशास्त्राची लेक्चरर म्हणून लागल्याचं समजलं. आनंद वाटला. कसं समजलं, ते विचारू नये.

कोपरगाव, ३० जुलै १९७२

दादा,

कागद मिळाला. पाकिटात सही आली, शब्द आला नाही. पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा. रतन म्हणाली, "आता काय पाकिटाची शिवण उसवता?"

मागच्या पत्रात मी तुला 'आपण' लिहिलं. पोस्टात टाकल्यावर ध्यानात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. पाठीवर बसवून ज्यानं मला ओढा ओलांडून शाळेत नेलं, त्याला 'आपण' म्हणायला मी काय कलेक्टर आहे?

आता तू विचारलं नसलंस तरी सांगतो, चांगुणाचं कसं समजलं. मी तिच्या वर्गात आहे.

हसू नकोस. हसतच असशील तर मोठ्यानं हस, मालनवहिनीलाही कळू दे. मला त्रेचाळीस पूर्ण झाली. चोवीस वर्षं मास्तरकी केली. गेल्या साली विस्तार अधिकाऱ्याची जागा निघाली, ती ज्याला मिळाली त्याला मी तिसरीत पाढे शिकवले होते. तो बी.ए. आहे, मी नाही. तो तपासणीला आला तेव्हा मी उभा राहिलो. तोही उभा राहिला, सवयीनं. दोघंही बराच वेळ उभेच. मग ठरवलं, बी.ए. व्हायचं. इथं नोकरदारांसाठी सकाळी सातचे वर्ग काढलेत. बाजार समितीचं जुनं गोदाम आहे, वर पत्रे, खाली बाकं, बाकांखाली अजून गव्हाचे दाणे सापडतात. वर्गात पन्नास जण. सगळ्यांत म्हातारा मी, आणि सगळ्यांत लहान कोण म्हणशील, तर शिकवणारी.

पहिल्या दिवशी शिपायानं तिला दारातच अडवलं. "ए पोरी, अॅडमिशनची लाइन तिकडं." ती म्हणाली, "मी शिकवायला आलेय." शिपाई म्हणाला, "त्यांना येऊ दे, मग बस." त्याचा काही दोष नाही. दोन वेण्या, हातात डबा, आणि वय वीस.

आत आली, हजेरीपट उघडला, नावं घेऊ लागली. माझ्या नावापाशी थांबली. बहुतेक वाटलं असेल, नाव-आडनाव जुळलं, माणूस दुसरा असेल. मग वर बघितलं. मी म्हणालो, "हजर." तिनं खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. तास संपल्यावर बाहेर मला गाठून म्हणाली, "काका, तुम्ही माझे कुणी आहात हे इथं कुणाला कळता कामा नये. आधीच मला पोरगी समजतात, त्यात काकांना घेऊन शिकवायला येते म्हणतील." मी म्हणालो, "मग काय म्हणू?" म्हणाली, "मॅडम."

तेव्हा सध्या मी तुझ्या मुलीला मॅडम म्हणतो. तुझी मान ताठ होणार असेल तर होऊ दे, मी इथून बघत नाही.

तुझा
सहादेव

कोपरगाव, १२ नोव्हेंबर १९७२

दादा,

दिवाळी झाली. तुझं पत्र नाही. म्हणजे आलं, पण त्याला पत्र म्हणावं तर कचेरी रागावेल. पोस्टकार्डावर एक ओळ: 'आपले दि. ३० जुलैचे पत्र मिळाले. नोंद घेतली.' खाली सही, सहीखाली तारीख. जावक क्रमांक तेवढा राहिला. तरी सहा वर्षांत नोंद घेतलीस, हे काही थोडं नाही. कार्ड रतननं आरशाच्या चौकटीत खोवलंय.

आता जरा गंभीर. चांगुणाची नेमणूक एका वर्षाच्या बोलीवर आहे. मार्चमध्ये संस्थेची बैठक होईल, तीत तिला कायम करायचं की निरोप द्यायचा हे ठरेल. शिकवण्याबद्दल कुणाची तक्रार नाही. 'घटती उपयोगिता' नावाचं एक प्रकरण आहे, ते तिनं भाकरीवरून शिकवलं. पहिली भाकरी भूक भागवते, दुसरी थोडी कमी, पाचवी तर नकोशी. छगन, म्हणजे साखर कारखान्यावरचा काटा-कारकून, माझ्याच बाकावर बसतो, उठून म्हणाला, "मॅडम, मिलोची आसंल तर पयलीपासूनच पाचवी." वर्ग हसला, तीही हसली, आणि हसता हसता त्याला त्याच्याच उत्तरावर आलेख काढायला फळ्याशी बोलावलं. बिचारा घाम पुसत परत आला. म्हणाला, "गुर्जी, बाई हसत्यात तवा लई भ्या वाटतं."

अडचण आहे ती चेअरमन भीमाजी तात्यांची. ऊस, दूध, सोसायटी आणि आता कॉलेज, सगळ्यांचे चेअरमन. माणूस वाईट नाही, पण संचालकांतल्या एकाचा जावई पस्तीस वर्षांचा, एम.ए., सुटाबुटात तयार बसलाय. तात्या प्राचार्यांना म्हणाले, "पोरगी हुशार हाय, न्हाई कोन म्हनतं? पन वर्ग धरंल का? पोरांना तिच्यापेक्षा मोठ्या मिशा हायत." वर्ग धरणं म्हणजे शिकवणं नव्हे दादा, वर्ग धरणं म्हणजे मिशा खाली बसवणं. पोरंही कमी नाहीत. एकानं टेबलावर खुळखुळा ठेवला. एकजण तिला ऐकू जाईल इतपत आवाजात "बेबी" म्हणाला. ती खुळखुळा बाजूला सारून शिकवत राहिली. पण तात्यांना ते शिकवणं दिसत नाही, खुळखुळा दिसतो.

ती त्या जावयाला भीत नाही. तिला भीती आहे ती वर्ष वाया जाण्याची. म्हणाली, "काका, मी चौदाव्या वर्षी कॉलेजात गेले, अठराव्या वर्षी बी.ए. झाले, ते काय पुन्हा घरी बसायला? दादांनी मला वेळ काढून दिलाय. तो मी असा घालवू?"

तुझा तो तक्ता तिला पाठ आहे. मलाही आहे. आबाकाकांच्या लेकीच्या लग्नात, पंगतीत बसून तू सगळ्यांना म्हणून दाखवला होतास: चौदाव्या वर्षी कॉलेज, विसाव्या वर्षी लेक्चरर, तिशीच्या आत पीएच.डी., पस्तिशीत विभागप्रमुख, चाळिशीला प्राचार्य. "बाकीच्या ज्या वयात नोकरीला लागतील, त्या वयात माझी पोरगी त्यांच्या अर्जांवर सह्या करील," असं तू म्हणालास. आणि मी मधेच म्हणालो, "म्हणजे पुढच्या वर्षी पोरीचं लग्न आणि त्याच्या पुढच्या वर्षी पेन्शन!" सगळी पंगत हसली. वाढपीसुद्धा हसला, त्याच्या हातातलं वरण सांडलं. तू उठून गेलास. जिलबी पानावर तशीच. त्या दिवसापासून तू गेलेलाच आहेस.

मला तेव्हा एक गोष्ट माहीत होती, तरी बोललो. ती आज लिहून टाकतो. त्रेचाळीस साली तू नगरच्या कचेरीत नोकरीला लागलास, त्याच दिवशी मला बोर्डिंगात घालायचं होतं. बोर्डिंगाचा रेक्टर साडेबारापर्यंत आला नाही. तू माझ्याबरोबर पायरीवर बसून राहिलास. मला दारात सोडून कचेरीत पोचलास तेव्हा दीड वाजला होता. रजिस्टरात लागलं, 'दुपारनंतर रुजू'. त्याच दिवशी दुसरा एक गडी सकाळी साडेदहाला रुजू झाला होता, 'दुपारपूर्वी'. ज्येष्ठता यादीत तो तुझ्या वर. जागा निघाली की आधी तो, मग तू, आणि मधे दोन-तीन वर्षं. तीस वर्षं तू त्या माणसाच्या पाठीकडे बघत कारकुनी केलीस. त्याचं काम तुझ्यापेक्षा बरं नव्हतं, फक्त तो आधी पोचला होता.

तू पोरीला लवकर का पळवलंस, हे त्या पंगतीतल्या दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मला कळलं होतं. तुझे ते तीन तास माझ्यापायी गेले होते.

तरी विनोद केला. विनोदी माणसाला एवढंच येतं.

सहामाहीत मला अर्थशास्त्रात एकतीस गुण पडले. पासाला पस्तीस लागतात. चार गुण घरचे म्हणून दिले असते तर आभाळ कोसळलं नसतं. तिनं दिले नाहीत. पेपरावर तांबड्या शाईत लिहिलं: 'उत्तरात विनोद आहे, उत्तर नाही.' हा शेरा माझ्या सेवापुस्तकात चिकटवायला हरकत नाही.

तुझा
सहादेव

कोपरगाव, २२ फेब्रुवारी १९७३

दादा,

घाईत लिहितो. बातमी मोठी आहे आणि तिच्यात माझा हात आहे, म्हणून मीच सांगायला पाहिजे.

काल सकाळी साडेसातचा तास. चांगुणा फळ्यावर राष्ट्रीय उत्पन्नाचा तक्ता काढत होती. भीमाजी तात्या दोन संचालक घेऊन न सांगता आले आणि गोदामाच्या मागल्या वऱ्हांड्यात, खिडकीपाशी उभे राहिले. वर्ग धरते की नाही, ते बघायला. मागच्या बाकांवर मिशा चुळबुळायला लागल्या होत्या. मी मनात म्हणालो, सहादेवा, हीच वेळ. आणि मुद्दाम, तिला ऐकू जाईल असा, छगनशी बोललो.

ती फळ्यावरून वळली. खडू हातात तसाच. "तिसऱ्या बाकावरचे. चष्मेवाले. उभे राहा."

मी उभा राहिलो. अख्खा वर्ग वळून बघायला लागला. हे नीट ध्यानात घे दादा, त्या वर्गातली निम्मी पोरं माझ्या हातून चौथी झालीयेत. त्यांना मी अंगठे धरायला लावलंय, पट्ट्या मारल्यात, त्यांच्या बापांना बोलावून आणलंय. त्यांच्या हिशेबात देव एका बाजूला आणि गुर्जी एका बाजूला.

"काय चाललंय?"

"काही नाही, मॅडम."

"काही नाही ते बाहेर जाऊन करा."

मी म्हणालो, "मॅडम, मी..."

"बाहेर."

मी वही उचलली, चष्मा सावरला आणि बाकांमधून बाहेर निघालो. गव्हाचे दाणे पायाखाली वाजले, ते ऐकू आले, इतकी शांतता. "बेबी" म्हणणारा पोरगा माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की वाटलं याला आता पुन्हा कधी उचकी लागली तरी तो हिची परवानगी घेईल. माझ्यामागे तिचा आवाज: "हं. तर दरडोई उत्पन्न."

वऱ्हांड्यात तात्या. "गुर्जी? तुमी भाईर कसे?"

"काढलं."

"कुनी?"

"मॅडमनी."

"का?"

"बोलत होतो."

तात्यांनी खिडकीतून आत बघितलं. आत पन्नास माना वहीत. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागले, ते धोतराचा सोगा तोंडाला लावून. "दुसरीत तुमी माझ्या थोरल्याला कान धरून भाईर काढलं हुतं. म्या भांडाया आल्तो, तर मलाबी काढलं. आठवतं का?" मला आठवत नव्हतं, पण हो म्हणालो. ते संचालकांकडे वळले. "जी गुर्जीला भाईर काढती, ती कुनालाबी काढंल. काय म्हनता?" दोघांनी माना डोलावल्या. ज्याचा जावई होता त्यानंसुद्धा.

संध्याकाळी चांगुणा घरी आली, पहिल्यांदाच. माझ्या पाया पडली, रतनच्या पडली. रतननं तिला जवळ घेतलं आणि मला म्हणाली, "पोर किती वाळलीय बघा, आणि तुम्ही तिला वर्गात त्रास देता!" पोर मिलोच्या दोन भाकऱ्या वांग्याच्या भरितासंगं खाऊन गेली. तिसरी मागितली. सिद्धांताला धक्का बसला.

तेव्हा दादा, हे एवढं तुझ्या धाकट्यानं जमवून आणलं. मुद्दाम, स्वतःच्या अब्रूवर पाय देऊन. वाटलं तर यालाही 'नोंद घेतली' म्हण.

तुझा
सहादेव

कोपरगाव, ४ मार्च १९७३

दादा,

मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी आहे.

चांगुणानं विचारलं, "काका, दादांना काय लिहिलंत?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मुद्दाम केलंत म्हणून लिहिलंत? तात्या आलेत हे तुम्हाला ठाऊक तरी होतं का?" मी म्हणालो, नव्हतं. "मग खरं काय ते लिहा," म्हणाली. उलट उत्तर सुचलं होतं. दिलं नाही. तिच्या वर्गात अजून तीन वर्षं काढायची आहेत.

तर खरं हे, की मला कुणी आलेलं दिसलं नाही. छगनला दिसलं होतं. मी फळ्याकडे बघत होतो आणि तोंडातून निघून गेलं. त्यागबिग काही नाही. एका त्रेचाळीस वर्षांच्या मास्तराला वर्गात बोलायची खोड, आणि त्याची शिक्षा. फायदा झाला तो तिच्या कडकपणानं, माझ्या हुशारीनं नव्हे. ती म्हणते, काकांच्या जागी दुसरा कुणी असता तरी तेच केलं असतं. तिचा चेहरा बघून वाटतं, खरं असावं.

हेही लिहायला पाहिजे की सहा वर्षांपूर्वी मी चुकलो. मला वाटलं होतं, लवकर कॉलेजात घातलेलं पोर पोपट होतं, पाठ करतं, आणि माणसांत गेलं की बावरतं. ती बावरते. मी रोज बघतो, तास सुरू व्हायच्या आधी ती हजेरीपट दोनदा उघडून मिटते ते. मगच खडू धरते. पण बावरून पुन्हा उभं राहायला तिच्याकडे वीस वर्षं पडलीयेत. मला आज एका प्रकरणात नापास झालं की झोप लागत नाही, कारण पुढं वेळ कमी आहे. तिला वेळ आहे. चुकायला, नवं शिकायला, एखादी नोकरी सोडून दुसरी धरायला. तुझ्या तक्त्यात हा रकाना नव्हता, पण सगळ्यात मोठा तोच.

बैठक तीस मार्चला आहे.

तुझा
सहादेव

कोपरगाव, १५ एप्रिल १९७३

दादा,

चांगुणा कायम झाली. आदेश काल तिच्या हातात पडला. तिनं तो तीनदा वाचला आणि चौथ्यांदा माझ्याकडे दिला, म्हणाली, "तुम्ही वाचा, मोठ्यानं." वऱ्हांड्यात वाचला. सगळ्या मिशा ऐकत होत्या. छगननं पेढे आणले आणि वाटता वाटता निम्मे स्वतः खाल्ले. खुळखुळा ठेवणाऱ्या पोरानं पेढा घेऊन दोन्ही हातांनी नमस्कार केला. तिनं त्याला विचारलं, "आलेख पूर्ण झाला का?" तो पेढा तोंडात तसाच धरून पळाला.

तात्या तिला म्हणाले, "मॅडम, आता तुमाला कुनी हात लावायचा न्हाई." मग मला बाजूला घेऊन हळूच: "गुर्जी, ह्यांचं वय काय हो?" म्हणालो, वीस. "आरं बापरे," म्हणाले, "म्हंजी आमच्या नातवालाबी ह्याच शिकवनार."

तुझं पत्र मिळालं. 'संदर्भ: आपले दि. ४ मार्चचे पत्र. सदर पत्रात आपण वर्गात नेमके काय बोललात याचा उल्लेख नाही. खुलासा व्हावा.' खाली दुसऱ्या शाईत, 'मालन विचारते.' विचारणारी मालनवहिनी असेल तर अक्षर तुझं कसं, हे मी विचारत नाही.

खुलासा असा.

त्या दिवशी ती पाठमोरी लिहीत होती. छगननं कोपरानं मला ढोसलं आणि पुटपुटला, "गुर्जी, येवढीशी हाय, पन काय शिकवती! कुनाची हो ही?" कुणाला सांगणार नाही असं मी तिला कबूल केलं होतं. आठ महिने पाळलंही होतं. पण त्यानं विचारलं आणि माझा माझ्यावर ताबा राहिला नाही. मी म्हणालो, "आमच्या दादाची."

एवढंच. हळू बोलायला हवं होतं. मोठ्यानं निघालं.

तिनं ऐकलं होतं. परवा पहिल्यांदा कबूल केलं. म्हणाली, "काका, तुम्हाला बाहेर काढलं नसतं तर मलाच बाहेर जावं लागलं असतं. डोळे भरून आले होते, तक्ता दिसेना."

खुलासा पुरेसा वाटत नसल्यास समक्ष हजर राहून देण्यास तयार आहे. शाळेला सुट्टी दोन मेला लागते. तीन तारखेच्या पहिल्या एस.टी.नं नगरला येतो. रतन येईल, मॅडमही येतील.

तुझा
सहादेव